तांदूळ धन्याचा, कण्या गुलामांच्या

चवळी घालून शिजवलेला भात! आपल्याकडे एखाद्या गृहिणीने हा बेत केला, तर घरातल्या कुणाला त्याचं फार अप्रूप वाटणार नाही. पण अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया या राज्यांच्या किनारपट्टीवर एक जानेवारीला घरोघरी हाच बेत असतो. 'हॉपिन जॉन' हे त्याचं नाव. तांदूळ, चवळी, कांदा आणि चवीपुरता धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, एवढंच साहित्य. सोबत पालेभाजी हवीच. चवळीचे दाणे म्हणजे नाणी आणि हिरवा पाला म्हणजे डॉलरच्या नोटा. वर्षाच्या पहिल्या दिवशी ही लक्ष्मी पोटात गेली की वर्षभर पैशांची ददात पडत नाही, असा तिथला समज. गोरे असोत की काळे, सारेच तो आवडीने खातात.

या पानातली चवळी मूळची आफ्रिकेची. तांदूळ आणि चवळी एकाच भांड्यात शिजवण्याची रीतही तिकडची. सेनेगलमध्ये असाच पदार्थ आजही होतो. आणि ज्या बायकांच्या हातून तो अमेरिकेत शिजू लागला, त्यांच्या मालकीचं काय होतं? काहीच नाही. चूल त्यांची नव्हती, भांडं त्यांचं नव्हतं, पोटचं पोरसुद्धा कायद्याने धन्याचं होतं. होती ती फक्त आठवण. आई भात कसा शिजवायची, आजी भेंडी कशात घालायची, हे डोक्यात होतं आणि ते कुणाला हिसकावून घेता आलं नाही. या आठवणीच्या आधाराने एका प्रदेशाची शेती फुलली, श्रीमंती वाढली आणि स्वयंपाकही घडला. नाव मात्र धन्याचं झालं.

भात येत कुणाला होता?

इंग्रजांनी १६७० साली साउथ कॅरोलिनात चार्ल्स्टनची वसाहत वसवली. समोर समुद्र, मागे नद्या, दलदल आणि उन्हाळ्यात अंगाची काहिली करणारा दमट उकाडा. या जमिनीत पिकवायचं काय? बरेच प्रयोग झाले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तांदळाने जम धरला. मादागास्करहून आलेल्या एका जहाजाच्या कप्तानाने १६८५च्या सुमारास हेन्री वुडवर्ड नावाच्या रहिवाशाला बियाणं दिलं आणि त्यातून हे पीक सुरू झालं, अशी दंतकथा चार्ल्स्टनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

पण नुसतं बियाणं मिळालं म्हणून भातशेती येते का? कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पाणी कधी चढवायचं, कधी काढायचं, तण कधी उपटायचं, साळ केव्हा कापायची, तांदूळ न मोडता कांडायचा कसा, हे सारं हाताला लागावं लागतं. गहू आणि बार्ली पिकवणाऱ्या इंग्लंडच्या माणसाला यातलं काय ठाऊक असणार?

ठाऊक होतं ते पश्चिम आफ्रिकेच्या माणसाला. सेनेगलपासून लायबेरियापर्यंतच्या किनाऱ्याला युरोपचे व्यापारी 'तांदळाचा किनारा' म्हणत. आशियातल्या तांदळाहून वेगळी अशी तांदळाची एक जात आफ्रिकेची स्वतःची आहे. आजच्या माली देशात, नायजर नदीच्या पाणथळ खोऱ्यात, सुमारे ३,००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी ती माणसाळवली. डोंगरउतारावरचा भात, पाणथळीतला भात आणि खाडीकाठचा भात, असे तिन्ही प्रकार तिथे पिकत.

गोव्यातली खाजण शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना खाडीकाठच्या भाताची कल्पना चटकन येईल. भरतीचं खारं पाणी अडवायला मातीचे बांध आणि पाणी आत-बाहेर करायला लाकडी दारं. आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यावरही खारफुटी तोडून, बांध घालून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन भाताची खाचरं तयार होत. पोर्तुगीज व्यापारी आंद्रे आल्व्हारेस द आल्मादा याने १५९४ सालीच तिथल्या अशा शेतीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. १७९३च्या सुमारास सॅम्युएल गॅम्बल नावाच्या इंग्रज कप्तानाने आपल्या रोजनिशीत बागा जमातीच्या भातशेताचा आराखडाच काढला. बांध, चर, रोपांची लावणी, सारं त्यात आहे. हा गॅम्बल तिथे शेती बघायला गेलेला नव्हता. तो माणसं विकत घ्यायला गेला होता!

चार्ल्स्टनच्या मळेवाल्यांनाही कुठली माणसं हवीत हे समजू लागलं. भात पिकवणाऱ्या मुलखातले गुलाम आले की त्यांना मागणी असे. १७८५ साली तिथल्या एका वर्तमानपत्रात आलेल्या जाहिरातीत, विक्रीला आलेल्या माणसांना भातलागवडीची सवय आहे, असं मुद्दाम नमूद केलेलं होतं. बैल विकताना तो औताला सरावलेला आहे, असं सांगावं तसं! १७०८च्या आसपासच या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळ्यांची संख्या अधिक झाली होती.

दहा वर्षांची प्रिसिला

आकडे मोठे असले की माणूस त्यात हरवतो. आफ्रिकेतून जहाजांत कोंबलेल्यांची एकूण संख्या सुमारे सव्वा कोटी, असं अभ्यासक सांगतात. त्यातले जवळपास १८ लाख वाटेतच मेले. जिवंत उतरलेल्यांपैकी फार मोठा भाग ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेला. आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर थेट उतरवलेल्यांची संख्या चार लाखांच्या आतबाहेर आणि त्यातले सुमारे ४० टक्के एकट्या चार्ल्स्टन परिसरात उतरले. या आकड्यांतून एका मुलीला बाजूला काढून पाहता येतं, कारण तिचे कागद शिल्लक आहेत.

सिएरा लिओनमध्ये नदीच्या मुखाजवळ बन्स बेटावर इंग्रज व्यापाऱ्यांची गढी होती. गुलाम कोंडून ठेवायची जागा ती. १७५६ साली तिथून 'हेअर' नावाचं जहाज चार्ल्स्टनला आलं. त्यातून उतरलेल्यांपैकी चार मुलगे आणि दोन मुली एलियास बॉल या भातमळ्याच्या मालकाने विकत घेतल्या. त्याने वहीत नोंद केली. मुलांची वयं अंदाजाने लिहिली, सहा ते दहाच्या दरम्यान. नावंही त्यानेच ठेवली. दहा वर्षांच्या एका मुलीचं नाव पडलं प्रिसिला.

तिच्या आईने तिला काय हाक मारली होती, हे त्या वहीत नाही. ती कुणाकुणाला मागे सोडून आली, हेही नाही. कूपर नदीकाठच्या भाताच्या मळ्यावर ती ५५ वर्षं जगली, तिला दहा मुलं झाली आणि १८११ साली ती वारली. बॉल घराण्याने वह्या जपून ठेवल्या होत्या. त्याच घराण्यातल्या एडवर्ड बॉलने त्या उघडून १९९८ साली पुस्तक लिहिलं, आपल्या पूर्वजांनी राबवलेल्या माणसांचे वंशज शोधले, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर बसला. प्रिसिलापासून आजपर्यंत सलग पिढ्यांची साखळी जुळली. २००५ साली तिच्या सातव्या पिढीतली एक वंशज सिएरा लिओनला जाऊन आली. जी वाट प्रिसिलाला परत चालता आली नाही, ती २४९ वर्षांनी तिच्या घरच्या मुलीने चालून दाखवली.

चिखल, उखळ आणि सूप

मळ्यावरचं काम कसलं होतं? अठराव्या शतकाच्या मध्यापासून मळेवाल्यांनी नदीकाठची दलदल लागवडीखाली आणायला सुरुवात केली. समुद्राला भरती आली की नदीचं गोडं पाणी मागे फुगतं. ते दारं उघडून खाचरात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. त्यासाठी आधी जंगल तोडायचं, बुंधे उपटायचे आणि कंबरभर चिखलात उभं राहून शेकडो मैल बांध घालायचे. हातात फावडं, पायाखाली साप, पाण्यात सुसरी, अंगावर डासांचे थवे. पाणी सोडायच्या दाराला तिथे 'ट्रंक' म्हणतात. ट्रंक म्हणजे झाडाचा बुंधा. आधी पोकळ बुंधेच बांधात पुरत, म्हणून ते नाव राहिलं.

हिवतापाच्या भीतीने मळ्याचा मालक मे महिन्यात कुटुंबासह शहरात निघून जाई तो थंडी पडल्यावर परते. गुलाम कुठे जाणार? ते तिथेच. लहान मुलं तर पटापट मरत.

आफ्रिकेतली रीत या कामात जागोजागी दिसे. बी मातीच्या गाऱ्यात घोळवायचं म्हणजे ते पाण्यावर तरंगत नाही. बायका टाचेने खळगा करत, त्यात बी टाकून पायानेच माती लोटत. अगदी अशीच पेरणी पश्चिम आफ्रिकेत होते. साळ कांडायला लाकडाचं उंच उखळ आणि दोन बायकांनी आळीपाळीने मारायची मुसळं. पाखडायला गवताची पसरट टोपली, आपल्या सुपासारखीच कामाची. ही गवताची टोपली विणण्याची कला चार्ल्स्टनजवळ माउंट प्लेझंट इथल्या बायकांनी आजपर्यंत टिकवली आहे. २००६ साली साउथ कॅरोलिनाने तिला राज्याची अधिकृत हस्तकला म्हणून मान दिला.

पाण्यावर चालणारी गिरणी १७८७च्या सुमारास आली. तोवर दिवसभर शेतात राबून आल्यावर पहाटे आणि रात्री कांडणं चालायचं. आख्खा तांदूळ पिंपात भरून युरोपला रवाना व्हायचा. मोडलेला, चुरा झालेला, तो राबणाऱ्यांच्या वाट्याला. आपल्याकडेही कण्यांची पेज कुणाच्या घरी शिजायची आणि अखंड तांदूळ कुणाच्या घरी, हे जुन्या माणसांना सांगायला नको! १८५० साली अमेरिकेत पिकलेल्या सुमारे साडेएकवीस कोटी पौंड तांदळापैकी १६ कोटी पौंड एकट्या साउथ कॅरोलिनाने पिकवला. त्या पैशांतून उभे राहिलेले चार्ल्स्टनचे वाडे पाहायला आज पर्यटक गर्दी करतात.

आणि मालक कर्जात बुडाला की? १८५९च्या मार्चमध्ये जॉर्जियातल्या सवाना शहरात पिअर्स बटलर या मळेवाल्याने देणी फेडण्यासाठी ४००हून अधिक माणसं दोन दिवसांत लिलावात विकली. त्यातली बरीच त्याच्या भातमळ्यावर जन्मलेली, एकमेकांच्या नात्यातली. त्या दोन दिवसांना त्यांच्या वंशजांत आजही 'रडण्याची वेळ' असं म्हणतात.

चुलीवरची आफ्रिका

या मळ्यांवर काम नेमून दिलेलं असे. साधारण पाव एकराचा तुकडा रोज संपवायचा. तो संपला की उरलेला वेळ आपला. या उरलेल्या वेळात गुलामांनी झोपडीच्या आजूबाजूला परसबागा केल्या. त्यांत काय लावलं? भेंडी, चवळी, तीळ, भुईमूग! आपल्या बाजारात रोज दिसणारी ही मंडळी. त्यांचे प्रवास मोठे मजेचे आहेत.

तीळ तर मूळचे आपल्याच उपखंडातले. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. इथून ते आफ्रिकेत गेले, तिथल्या वोलोफ आणि मांडिंका भाषांत त्यांना 'बेने' नाव मिळालं आणि गुलामांबरोबर ते कॅरोलिनात उतरले. चार्ल्स्टनमध्ये तिळाच्या पातळ, कुरकुरीत, गोड चकत्या आजही 'बेने' याच नावाने विकल्या जातात आणि तीळ शुभ मानले जातात. संक्रांतीला तीळगूळ वाटणाऱ्यांना ही गोष्ट आवडायला हरकत नाही. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. तो आफ्रिकेत गेला आणि तिथून लोकांच्या जिभेवर बसून पुन्हा उत्तर अमेरिकेत आला. त्याला तिकडे म्हणतात 'गूबर'. हा कोंगो भाषेतला 'न्गुबा'. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा तिथे रस्त्याच्या कडेला मिळतात, अगदी आपल्यासारख्याच. भेंडीला अंगोलाकडच्या भाषेत 'किंगोम्बो' म्हणत. लुइझियानाच्या जगप्रसिद्ध 'गम्बो'चं नाव त्यातूनच आलं.

या भाज्या-धान्यांतून पदार्थ घडले. भेंडी, टोमॅटो, कोळंबी किंवा खेकडे घालून केलेलं दाट कालवण आणि भात. भेंडी-भात. टोमॅटो आणि कांद्यात शिजवलेला लाल भात, जो पश्चिम आफ्रिकेतल्या 'जोलोफ'चा सख्खा भाऊ शोभतो. भात, भाजी आणि मांस एकाच भांड्यात शिजवतात त्याला 'पर्लो' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो ना? आपला पुलाव तो हाच, युरोपमार्गे लांबचा फेरा घालून तिथे पोचलेला. म्हणजे या स्वयंपाकात एकटी आफ्रिका नाही. इंग्रजांचं आहे, फ्रेंचांचं आहे, तिथल्या मूळ रहिवाशांचं आहे. पण चुलीपुढे बसलेली, मीठ किती आणि आच किती हे ठरवणारी बाई आफ्रिकेची होती. शिजलेला भात मोकळा, शीत न्‌ शीत वेगळं दिसायला हवं, हा तिचाच दंडक. मालकाच्या जेवणघरात चांदीच्या भांड्यातून तोच भात वाढला जाई. मालकाची मुलं तीच चव जिभेवर घेऊन मोठी झाली आणि तिला 'आमच्याकडची चव' म्हणू लागली.

पुस्तकावर नाव कुणाचं?

१८४७ साली चार्ल्स्टनमध्ये 'द कॅरोलिना हाउसवाइफ' हे पाककृतींचं पुस्तक निघालं. लेखिका सेरा रटलेज, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एडवर्ड रटलेज यांची कन्या. हॉपिन जॉनची छापील पाककृती प्रथम आढळते ती याच पुस्तकात. भेंडी आहे, तिळाचं सूप आहे, भुईमुगाचं सूप आहे, तांदळाच्या पावाचे तर कितीतरी प्रकार आहेत. नाही ती एकाही स्वयंपाकिणीची ओळख. पुस्तकावर 'चार्ल्स्टनच्या एका बाईंनी' एवढंच छापलं होतं. खानदानी स्त्रीने आपलं नाव मिरवू नये, हा तेव्हाचा संकेत. सेरा रटलेजचं नाव पुढे सर्वांना कळलं. ज्यांच्या हातांच्या चवीवर ते पुस्तक उभं आहे, त्यांची नावं कुणी लिहिलीच नव्हती, तर कळणार कशी?

साउथ कॅरोलिनातच गुलामीत जन्मलेल्या अ‍ॅबी फिशर यांची गोष्ट याहून वेगळी. गुलामी संपल्यावर त्या सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या, लोणची-मुरंब्यांचा धंदा जमवला, प्रदर्शनांत पदकं मिळवली. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी पाककृती तोंडी सांगितल्या, दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या आणि १८८१ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्याच्या नावातच 'मिसेस फिशर यांना काय काय येतं' असा थाट होता! पुढे ते पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९९५ साली पुन्हा छापलं गेलं.

खुद्द चार्ल्स्टनमध्ये नॅट फुलर नावाचा गुलाम होता. धन्याच्या परवानगीने तो खाणावळ चालवायचा आणि शहरातल्या बड्या मेजवान्या त्याच्याकडे असत. यादवी युद्ध संपता संपता, १८६५च्या वसंतात, आता मुक्त झालेल्या फुलरने एक मेजवानी दिली आणि काळ्या-गोऱ्यांना एकाच मेजावर बसवलं. २०१५ साली, बरोबर दीडशे वर्षांनी, चार्ल्स्टनच्या लोकांनी त्या पंगतीची आठवण म्हणून पुन्हा तशीच पंगत घातली.

डोक्यावर वाफाळता भात

मुक्तीची एक रात्र तर विसरता येणार नाही अशी आहे. जून १८६३. युद्ध चालू होतं. गुलामीतून स्वतः पळून आलेली आणि इतर अनेकांना पळवून आणणारी हॅरिएट टबमन उत्तरेच्या सैन्याबरोबर साउथ कॅरोलिनात होती. कर्नल जेम्स माँटगोमरीच्या काळ्या सैनिकांसह ती रात्री बोटींनी कोम्बाही नदीत शिरली. नदीच्या दोन्ही काठांवर भाताचे मळे. पहाटे बोटींचे भोंगे वाजले आणि खाचरांतून, झोपड्यांतून माणसं नदीकडे धावत सुटली. त्या एका फेरीत ७००हून अधिक लोक सुटले.

टबमनने नंतर आठवण सांगितली. धावणाऱ्या बायकांत एकीच्या डोक्यावर नुकतंच चुलीवरून उतरवलेलं भाताचं भांडं होतं, वाफा निघत होत्या. पाठुंगळीला मूल. मुलाने एका हाताने आईचं कपाळ घट्ट धरलेलं आणि दुसऱ्या हाताने ते भांड्यातला भात खात होतं! सारं मागे टाकून पळताना त्या माउलीने बरोबर घेतलं ते मूल आणि भात. या मोहिमेवर एडा फील्ड्स-ब्लॅक या इतिहासकार स्त्रीने २०२४ साली ग्रंथ लिहिला, त्याला २०२५चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. तिचा एक पूर्वज त्या मोहिमेतल्या सैनिकांत होता.

गुलामी संपली तशी भातशेतीही मोडकळीला आली. फुकट राबणारे हात गेले. लुइझियाना, आर्कान्सा, टेक्ससमध्ये यंत्रांनी तांदूळ पिकू लागला. १८९३ आणि १९११च्या वादळांनी जुने बांध फोडले. 'कॅरोलिना गोल्ड' हा सोनेरी टरफलाचा नामांकित तांदूळ बाजारातून दिसेनासा झाला. १९८०च्या दशकात सवानाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरकारी बियाणे-संग्रहातून मूठभर बी मिळवून तो पुन्हा लावला. कशासाठी? शिकारीसाठी बदकं यावीत म्हणून! त्यातून त्याचं पुनरुज्जीवन झालं. आज तो नामांकित हॉटेलांत मिरवतो आणि चांगलाच महाग आहे.

भाताचं श्रेय कुणाचं, यावर विद्वानांत खडाजंगीही झाली. पीटर वुड यांनी १९७४ साली आणि ज्युडिथ कार्नी यांनी २००१ साली पुस्तकं लिहून आफ्रिकेच्या ज्ञानाचा मुद्दा ठासून मांडला. २००७ साली काही इतिहासकारांनी गुलामांच्या जहाजांचे आकडे मांडून आक्षेप घेतला की, गुलाम भाताच्या मुलखातूनच मुद्दाम आणले असं सरसकट म्हणता येत नाही. भांडवल आणि प्रयोग मळेवाल्यांचेही होते. आक्षेपात तथ्य आहे. पण टाचेने पेरणारा पाय, उखळ, सूप आणि चुलीवरचं भांडं यांची साक्ष त्यामुळे पुसली जात नाही.

न कळणारं गाणं

या किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या कृष्णवर्णीयांना गुल्ला किंवा गीची म्हणतात. मालक उन्हाळाभर दूर, पूल नाहीत, बाहेरचा संपर्क कमी. त्यामुळे त्यांची बोली, गोष्टी, खाणं टिकून राहिलं. १९३०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झो टर्नर जॉर्जियातल्या हॅरिस नेक गावी गेले. तिथे अमेलिया डॉली या बाईंनी त्यांना एक लहानसं गाणं म्हणून दाखवलं. आईकडून आलेलं. अर्थ त्यांना माहीत नव्हता. पुढे कळलं की ती सिएरा लिओनची मेंडे भाषा आहे.

१९९०च्या सुमारास संशोधकांना सिएरा लिओनच्या एका खेड्यात तेच गाणं येणारी स्त्री सापडली. ते अंत्यविधीचं गाणं होतं. त्या विधीत मृतासाठी भात रांधून नेत. पितरांना पिंड देणाऱ्या आपल्या समाजाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या स्त्रीच्या आजीने तिला बजावलं होतं, हे गाणं जप. ज्याला हे गाणं येईल तो आपला, हे ओळखून घे. १९९७ साली अमेलियाबाईंची मुलगी मेरी मोरन त्या खेड्यात गेली. दोघींनी गाणं म्हटलं. दोनशेहून अधिक वर्षांनी नातं जुळलं.

आता प्रश्न आहे तो जमिनीचा. मुक्तीनंतर गुल्ला कुटुंबांनी घामाच्या पैशाने बेटांवर जमिनी घेतल्या. मृत्युपत्रं केली नाहीत, सातबारा उतरवून घ्यायचं राहून गेलं म्हणावं, तसं झालं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हिल्टन हेडसारख्या बेटांवर पूल आले, गोल्फची मैदानं आली, श्रीमंतांचे बंगले आले. कर वाढले. सामाईक मालकीच्या जमिनी वाटण्यांच्या दाव्यांत आणि लिलावांत हातच्या गेल्या. २००६ साली अमेरिकी संसदेने हा पट्टा वारसा म्हणून जाहीर केला. २०२३ साली चार्ल्स्टनच्या ज्या धक्क्यावर गुलामांची जहाजं लागत, तिथेच आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं संग्रहालय उभं राहिलं. मान मिळाला हे खरं, पण परसबागच राहिली नाही तर चवळी लावायची कुठे, असं बेटावरची माणसं विचारतात.

अशाच एका बेटावर, एडिस्टोवर, एमिली मेगेट राहायच्या. जन्म १९३२चा. दहा मुलांची आई. चाळीसहून अधिक वर्षं त्यांनी बेटावरच्या गोऱ्या कुटुंबांच्या सुट्टीतल्या घरांत स्वयंपाक केला. वाटी-चमच्याचं माप कधी वापरलं नाही. सारा हाताचा अंदाज. त्यांच्या घराचं बाजूचं दार उघडं दिसलं की गावाला समजायचं, आत काहीतरी शिजलं आहे. यावं आणि खाऊन जावं. मुलीसुनांना शिकवलेलं आता कागदावर उतरवावं म्हणून लोक मागे लागले. शेजारी बसून, मापं मोजून, त्यांच्या पाककृती लिहून काढल्या गेल्या. लाल भात, भेंडीचं कालवण, चवळी-भात, सारं त्यात आलं. २०२२ साली, वयाच्या ८९व्या वर्षी, त्यांचं पहिलं पुस्तक निघालं आणि पाहता पाहता देशभर खपलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव आहे, पहिलं आणि आडनाव, दोन्ही.